गच्चीवरचं वाळवण, पण फुलांचं

[गच्ची, सकाळ. आत्याचे हात आणि कात्री, क्लोज]

इंदूर, लोकमान्य नगर. फेब्रुवारी संपत आलाय. खाली पोह्यांच्या प्लेटा धुवून झाल्यात आणि दहाच्या सुमारास आत्या कात्री घेऊन गच्चीवर आलीये. त्याआधी का नाही, तर दव. पाकळीवर पाणी असताना फूल तोडलं की वाळताना डाग पडतो आणि बारानंतर तोडायला जाल तर ते उन्हाने आधीच मान टाकून बसलेलं असतं, म्हणजे हातात दीड-दोन तास. पूर्ण उमललेल्या गुलाबाला ती हात लावत नाही. वाळता वाळता फूल अजून थोडं उघडतं ना, मग पूर्ण उमललेल्याच्या पाकळ्या सुटतात. अर्ध्याहून जरा जास्त उघडलेला हवा. तो बघा, तिसऱ्या कुंडीतला, तोच घेतला तिने.

आपल्याकडे गच्ची म्हणजे पापड, कुरडया, सांडगे, जुनी साडी अंथरायची आणि पोरांना काठी देऊन कावळ्यांवर बसवायचं. आत्या म्हणते हे पण वाळवणच, पाणीच तर काढायचंय. फरक एवढाच की पापडाला ऊन लागतं आणि फुलाला सावली, उन्हात रंग उडतो. आणि घाई करायला लागते, कारण जितकं हळू वाळेल तितकं ते तपकिरी पडणार.

[जिन्याखालची खोली, दोरी, उलटे टांगलेले गुच्छ]

हा सगळ्यात सोपा प्रकार. पानं ओरबाडून टाकायची, पाच-सात दांड्यांचा गुच्छ रबरबँडने बांधायचा आणि उलटा टांगायचा. सुतळी नाही, रबरबँडच, कारण दांड्या वाळून बारीक होतात आणि सुतळीतून निसटून पडतात. उलटा यासाठी की मान सरळ वाळते. अंधार हवा, हवा खेळती हवी, दोन-तीन आठवडे लागतात. बटन फूल, कोंबडा, स्टॅटिस, बोगनवेल ही मुळातच कागदी मंडळी, ह्यांना फार काही करावंच लागत नाही. झेंडू मात्र फसवतो, वरून कडक वाटतो पण मागच्या हिरव्या गाठीत पाणी राहतं आणि तिथून बुरशी धरते.

मोगरा, जाई, जुई ह्यांच्या नादी लागू नका. पांढरी नाजूक फुलं चहाच्या रंगाची होतात आणि वास तर दुसऱ्या दिवशीच जातो. प्राजक्ताचं जरा वेगळं आहे, पाकळी जाते पण केशरी देठ रंग धरून ठेवतो, पूर्वी त्याच देठांनी रेशीम रंगवायचे.

[डायनिंग टेबल. रेतीचा डबा. हा शॉट लांब आहे, निवेदन सावकाश]

आता आत्याची खरी कला. ह्या घराचं प्लास्टर झालं तेव्हा नर्मदेची रेती उरली होती, ती तिने फेकू दिली नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली, सुकवली, पिठाच्या चाळणीने चाळली. डब्यात आधी दोन बोटं रेती, त्यावर फूल, देठ इंचभर ठेवून कापलेला, आणि मग चमच्याने कडेकडेने रेती सोडायची. वरून नाही ओतायची! रेती जड असते, पाकळी चेपते. पाकळ्यांच्या मधे जायला हवी म्हणून टूथपिकने पाकळी जराशी उचलायची, चिमूटभर सोडायची, पुढची पाकळी. एका गुलाबाला वीस मिनिटं लागली, आम्ही मोजली. रेती पाणी शोषत नाही, ती फक्त फुलाला आकारात धरून ठेवते आणि पाणी हवेत जातं, म्हणून हा डबा उघडाच ठेवायचा, दोन-तीन आठवडे.

सिलिका जेलचं ह्याच्या बरोबर उलट. ते स्वतः पाणी ओढतं, म्हणून डबा घट्ट बंद, झाकणाला टेप, नाहीतर ते फुलाऐवजी खोलीतलीच हवा पीत बसेल. बुटाच्या खोक्यात पुडी येते ना, तेच, पण बारीक साखरेसारखं घ्या. मी पहिल्यांदा ऑनलाइन मागवलं तर साबुदाण्याएवढे मणी आले, गुलाबाच्या प्रत्येक पाकळीवर देवीचे व्रण उठले, आत्या दोन दिवस हसत होती.

[निळे मणी गुलाबी होताना, टाइमलॅप्स]

हे आम्हाला सगळ्यात आवडलेलं दृश्य. कोरडे असताना निळे, पाणी प्यायले की गुलाबी. गुलाब पाच ते सात दिवसांत होतो, झिनिया तीन-चार दिवसांत. जेल ओव्हनमध्ये 120 डिग्रीला तापवलं की पुन्हा निळं, पुन्हा वापरा. निळा रंग कोबाल्टचा असतो, खाण्याच्या भांड्यात नको, पोरांपासून लांब, उडालेली धूळ नाकात नको. पुढे.

[वाळलेली फुलं पांढऱ्या कागदावर ओळीने]

रंगांची गंमत बघा. लाल गुलाब काळपट मरून रंगाचा झालाय, गुलाबी जांभळ्याकडे गेलाय आणि पिवळा जसाच्या तसा. लाल-गुलाबीत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, पाणी गेलं की ते दाट होतं, गडद दिसतं आणि स्वभावाने हळवंही. पिवळ्यातलं रंगद्रव्य, कॅरोटिनॉइड, जास्त टिकाऊ. म्हणून काळा होऊ नये असं वाटत असेल तर लालच्या ऐवजी नारिंगी गुलाब वाळवा, तो लाल दिसायला लागतो. ही आत्याची युक्ती.

आणि टिकतं किती? 1922 मध्ये इजिप्तला तुतानखामेन राजाची कबर सापडली, आतल्या शवपेट्यांवर फुलांचे हार होते, त्यातली कॉर्नफ्लॉवरची निळी फुलं ओळखू येत होती, तेहतीसशे वर्षांनी. वाळवंटातली कोरडी हवा आणि अंधार, बस. आपल्या माळव्यात ती हवा फार तर जूनच्या मध्यापर्यंत मिळते, नंतर पावसाळ्यात काचेच्या बरणीत, आत सिलिकाची पुडी. प्लॅस्टिकचा गुच्छ स्वस्तात मिळतो म्हणतील लोक. मिळू दे.

[पाट्याखाली दाबलेली टेलिफोन डिरेक्टरी]

चपटी वाळवायची असतील तर पॅन्सी, कॉसमॉस, वर्तमानपत्राच्या घड्या, वर पाटा. पहिले चार दिवस कागद रोज बदलायचा, तोच तर पाणी पितो. हावड्याच्या सेंट्रल नॅशनल हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, वीस लाखांच्या आसपास नमुने आहेत, पद्धत मुळात हीच. आत्याच्या डिरेक्टरीत चाळीसेक असतील.

[डिरेक्टरीतलं शेवटचं पान. पिवळा गुलाब, शाईने तारीख. बारा सेकंद निवेदन नाही]

काकांनी लावलेल्या कलमाचा.

[दारात, कचरागाडीचं गाणं]

चाळताना तुटलेल्या पाकळ्यांचा चुरा आत्याने सुपलीत जमवलाय आणि गाडी आली. आता इंदूरकरांचा प्रश्न, ओला की सुका? आत्या म्हणते तीन आठवडे घालवले सुकवायला, सुकाच. गाडीवाला भैया सुपलीत डोकावला आणि म्हणाला, "माताजी, फूल है ना, गीले में."