नंबर आधी लिवा

(दृश्य : वर्धा रोड, सकाळ. वरून मेट्रो जाते. खाली कारागृहाची भिंत, भिंतीच्या अलीकडे पिशव्या घेतलेल्या बाया.)

नागपूरचं मध्यवर्ती कारागृह वर्धा रोडवर आहे, रहाटे कॉलनीच्या मेट्रो स्टेशनाजवळ. इंग्रजांनी १८६४ साली बांधलेलं. आत कोण कोण होतं, कोणाला फाशी झाली, यावर पुष्कळ बोलून झालंय. ही फिल्म फाटकाच्या बाहेरची आहे.

आतल्या माणसाला भेटणं याला सरकारी कागदावर 'मुलाखत' म्हणतात, जशी काही नोकरीची. बाया म्हणतात, 'मुलाकात'. खटला चालू असेल तो कच्चा कैदी, शिक्षा लागली तो पक्का. कच्च्याला भेटायला जास्त वेळा मिळतं, पक्क्याला कमी. भेट वीसएक मिनिटांची. मध्ये काच, आणि बोलायला रिसीव्हर.

(दृश्य : दोन बाया. चेहरे दिसत नाहीत, हात दिसतात. एकीच्या हिरव्या बांगड्या, दुसरीचं घड्याळ.)

दोघींची नावं घेणार नाही. एक उमरेडची. एसटीनं गणेशपेठ, तिथून ऑटो. नवऱ्याला खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप. दुसरी प्रतापनगरची, स्वतःचा फ्लॅट, इंग्रजी येणारी. नवरा पतसंस्थेच्या अपहारात आत, अजून कच्चा. एरवी या दोघी समोरासमोर आल्या असत्या तर एखाद्या पतसंस्थेच्या काउंटरवरच, एक अलीकडे आणि एक पलीकडे. उमरेडच्या बाईंच्या नणंदेचे पैसे एका संस्थेत बुडालेत. संस्था ती नव्हे. तरी ही गोष्ट त्यांनी वर्षभर तोंडातून काढली नाही.

प्रतापनगरच्या ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत घरचे पोहे होते, नाडीचा पायजमा होता आणि नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या. तिन्ही गोष्टी परत आल्या. घरचं खाणं आत जात नाही. नाडीनं गळा आवळता येतो, म्हणून पायजमा इलॅस्टिकचा लागतो. गोळ्या नुसत्या देता येत नाहीत. आधीचं प्रिस्क्रिप्शन द्यायचं, जेलचे डॉक्टर बघतात आणि ठरवतात. हे सगळं फाटकाशी उभं राहून सांगितलं उमरेडच्या बाईंनी. म्हणाल्या, "म्याडम, पोहे आपण दोघी खाऊन टाकू. वापस नेऊन काय करता?"

ओळख झाली ती अशी, पोह्यांवर. त्यात तर्री नव्हती, अशी तक्रार मात्र अजून ऐकू येते.

(दृश्य : पोस्टाची खिडकी. मनिऑर्डरचा फॉर्म.)

आत कँटीन आहे. साबण, बिस्किटं, फरसाण तिथून मिळतं, पण कैद्याच्या हातात रोकड नसते. त्याच्या नावानं खातं असतं, त्यात मनिऑर्डर जमा होते. पोस्टाचं कमिशन शंभराला पाच रुपये. फॉर्मवर पत्ता लिहिताना सगळ्यांची चूक एकाच जागी होते. नाव लिहितात, 'मध्यवर्ती कारागृह, नागपूर' लिहितात आणि थांबतात. आत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे कितीतरी जण. बंदी क्रमांक, म्हणजे कैद्याचा नंबर, नसला की पैसे अडकतात, नाहीतर फिरून घरी येतात, आणि तेवढे दिवस आतला माणूस दुसऱ्याच्या साबणावर काढतो. उमरेडच्या बाई चौथी शिकलेल्या आहेत. फॉर्मवर बाकी काहीही दुसऱ्याकडून भरून घेतील, नंबर मात्र स्वतःच्या हातानं लिहितात. एकेक आकडा वेगळा, दोन आकड्यांमध्ये बोटभर जागा सोडून.

उलट्या दिशेची मदत, ताईंकडून बाईंना, मोबाइलवर सुरू झाली. भेटीची नोंदणी 'ई-मुलाकात'वर करता येते, प्रत्यक्ष भेटीची आणि व्हिडिओचीही. फॉर्म इंग्रजीत. कैद्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, वय, तुमचं नातं, तुमचं ओळखपत्र. इथे घोळ होतो स्पेलिंगचा. आधारवर एक, जेलच्या नोंदीत दुसरं. जेलमधलं नाव बहुतेकदा वॉरंटवरून उतरवलेलं असतं, म्हणून वॉरंटवर असेल तेच टाकायचं, चुकीचं असलं तरी. ताईंनी उमरेडच्या बाईंचा फॉर्म आधी दोनदा चुकवला. चूक त्यांची नव्हती. त्या बरोबर स्पेलिंग लिहीत होत्या.

नव्या माणसाला हे लक्षात यायला वेळ लागतो, पण फाटकाशी एक रीत आहे. 'कोणतं कलम?' हे विचारलेलं चालतं. 'खरंच केलं का?' हे कोणी कोणाला विचारत नाही.

(दृश्य : तळहात. त्यावर निळ्या पेनानं चार शब्द.)

वीस मिनिटांत काय बोलायचं हे आधी ठरवावं लागतं. कागद आत नेऊ देतील की नाही याचा भरवसा नसतो, म्हणून यादी तळहातावर. 'फी. विहीर. वकील. आईचा डोळा.' मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसच्या घरात तापतं आणि घामानं अर्धी यादी रांगेतच पुसली जाते. उमरेडच्या बाईंनी सांगितलं, तळव्यावर नाही, मनगटाच्या आतल्या बाजूला लिवा. आणि रडायचं असलं तर शेवटच्या दोन मिनिटांत. आधी रडलं की विहीर राहून जाते.

(दृश्य : सिव्हिल लाइन्स, जिल्हा न्यायालयाचा परिसर.)

फाटकाशी सल्ले फुकट मिळतात, आणि सगळेच बरोबर नसतात. 'अर्धी शिक्षा झाली की जामीन मिळतेच', हे ताईंना निदान पाच जणींनी सांगितलं. कायदा तसा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. कमाल शिक्षेचा अर्धा काळ कच्चा म्हणून आत गेला की जामीन, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळानंतर. पण ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते त्याला हे कलम लागत नाही. सोबत दुसरा खटला चालू असला तरी नाही. पतसंस्थेच्या पदाधिकाऱ्यावर विश्वासघाताचं जे कलम लागतं त्यात जन्मठेपेची तरतूद आहे. म्हणजे हा रस्ता बंद.

जामीन शेवटी कोर्टानं दिला, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली. जामीन झाला म्हणजे माणूस सुटला असं नाही. जामीनदार लागतो. त्याचा सातबारा किंवा घराची कराची पावती, तहसीलचा ऐपतीचा दाखला. ताईंचा फ्लॅट ठेवीदार संरक्षण कायद्याखाली, १९९९ च्या, जप्त झालेला. सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये खाली बघायला लागले होते. उमरेडच्या बाईंनी भावाला विचारलं, त्याची भिवापूरकडे दोन एकर मिरचीची शेती आहे. भाऊ नाही म्हणाला. आमच्या मते बरोबरच म्हणाला. आरोपी तारखेला आला नाही तर वसुली जामीनदाराकडून होते. त्या आठवड्यात दोघी एका बाकावर बसल्या, पण फार बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात बाईंनी भावाच्याच शेतातलं किलोभर तिखट आणलं.

मार्ग वेगळाच निघाला. सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. ताईंच्या वकिलानं अर्ज केला, अट बदलली, नवरा सुटला. मोफत वकिलासाठीही तेच प्राधिकरण, फोन १५१००. कोठडीत असलेल्याला आणि कुठल्याही बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता वकील मिळतो. उमरेडच्या बाईंना हे नवरा आत गेल्यावर कित्येक वर्षांनी कळलं. तोवर गळ्यातली पोत गेली होती.

(दृश्य : प्रतापनगर. जेवणाचं टेबल. समोर कागद, मोबाइल, तिखटाची बरणी.)

आता काम उमरेडचं आहे. संचित रजेचं, म्हणजे शिक्षा चालू असताना थोडे दिवस घरी सोडतात त्या फर्लोचं. फर्लोचे दिवस शिक्षेतच मोजले जातात, पॅरोलचे मोजत नाहीत, म्हणून पक्क्या कैद्यांच्या बायका फर्लोवर डोळा ठेवून असतात. अर्ज आतून होतो, पण अडतो बाहेर. गावच्या ठाण्याचा शिपाई चौकशीला येतो, शेजाऱ्यांचे जबाब घेतो, जामीनदार बघतो. 'गावात तणाव होईल' एवढं एक वाक्य अहवालात आलं की नामंजूर. यांचा तसाच नामंजूर झाला.

त्यावर अपील लिहायचं आहे. ताईंनी सुरुवात केली, 'महोदय, माझ्या मैत्रिणीचे पती'. मग 'मैत्रिणीचे' खोडलं, कारण अपील बाईंच्या सहीनं जाणार. 'माझे पती' असं लिहून त्यांनी ते वाचून दाखवलं.

उमरेडच्या बाईंनी कागद स्वतःकडे ओढला.

"पती मागून लिवा ताई. नंबर आधी. नंबराबिगर कागद कुठी जाते, कोणाले मालूम."