देमोदरा : फलाटाखालचा बोगदा

वर दिसतोय तो देमोदरा स्थानकाचा फलाट. त्याच्या बरोबर खाली हे काळं तोंड, बोगदा क्रमांक ४२. एलाहून बदुल्लाला निघालेली गाडी आधी वर थांबते, मग टेकडीला वळसा घालते आणि त्याच फलाटाच्या पोटाखालून बाहेर पडते.

श्रीलंकेच्या उवा प्रांतातला हा चहाचा डोंगर. कोलंबोहून चढत आलेली रेल्वे १८९४ साली बंडारवेलाला पोचली; पुढे बदुल्ला गाठायला १९२४ उजाडलं.

अडचण उताराची होती. या मार्गावरची मर्यादा ४४ला १, म्हणजे ४४ फूट पुढे गेल्यावर उंचीत फरक एकाच फुटाचा. इथे तर जमीनच झपकन खाली जाते. रूळ सरळ टाकले असते तर उतार हाताबाहेर गेला असता. म्हणून वाट लांबवली, सुमारे ९०० मीटरचा फेरा घेतला. ४४ने भागून बघा: जास्तीत जास्त २० मीटर उतरता येतं. रुळाखालून रूळ काढायचा आणि मधे डोंगराचं छत शाबूत ठेवायचं, ते एवढ्यात. आपल्या बोरघाटात १८६३ साली चढासाठी रिव्हर्सिंग स्टेशन करावं लागलं होतं, तिथे गाडीची दिशाच बदलायची. इथे इंजिन पुढे ते पुढेच.

मळ्यावरच्या कंकाणीला, म्हणजे मुकादमाला, फेटा सोडून पुन्हा बांधताना पाहून ही युक्ती सुचली, असं इथे सांगतात. फेट्याची उपमा चपखल आहे. पण हा फेरा त्या भागाकारातून निघालाय, आणि तो डोंगरात उतरवला मजुरांच्या हातांनी.

आता ही बदुल्लाहून वर येणारी गाडी. चढ आणि वळण एकदम आलं की चाकांची कड रुळाला घासते, इंजिनावर ओढ वाढते. त्यात बोगद्यात ऊन नाही. डोंगरातून पाणी पाझरतं, रूळ ओले राहतात, चाकं जागच्या जागी फिरतात. मग इंजिनातून रुळावर वाळू सोडतात.

पाण्याचा खरा त्रास खाली, खडीत. कडेचं गटार तुंबलं की खडीत चिखल भरतो. प्रत्येक चाकागणिक स्लीपर, म्हणजे रुळाखालचा आडवा ठोकळा, दबतो, चिखल वर येतो, एक रूळ खचतो. वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम उंच ठेवलेला असतो. ते माप इथेच बिघडतं. फावडं, घमेलं आणि पावसाआधी साफ केलेलं गटार, बोगदा यावर टिकतो.

चहा आता लॉरीतून जातो. डब्यांत प्रवासी असतात.

खिडकीतून वर बघा, मघाचा फलाट.