चोच, सुळे आणि सात कोटी वर्षं

मित्रहो, सस्तन प्राण्यांचा पूर्वेतिहास म्हटलं की आपल्याला आठवतात ते डायनासोरांच्या काळात जीव मुठीत धरून जगणारे चिचुंदरीएवढे प्राणी. पण डायनासोर येण्याच्या कितीतरी आधी, सुमारे 27 कोटी वर्षांपूर्वी, जमिनीवरच्या वनस्पतींवर राज्य होतं ते आपल्याच कुळातल्या प्राण्यांचं. हे डायसिनोडॉन्ट आपले पूर्वज नव्हेत, पूर्वजांचे चुलत भाऊबंद. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू प्रदेशातल्या जीवाश्मांवरून रिचर्ड ओवेन यांनी 1845 मध्ये त्यांचं पहिलं वर्णन केलं.

त्यांच्या तोंडाची रचना नीट पाहा, कारण सगळं यश तिथेच आहे. पुढे कासवासारखी शिंगद्रव्याची चोच, बहुतेकांना फक्त दोन सुळे, काहींना तेही नाहीत. खालचा जबडा मागे सरकायचा आणि त्या ओढीत पाला कापला, भरडला जायचा. दात गमावलेला प्राणी मागे पडेल असं आपण धरून चालतो. इथे नेमकं उलट घडलं आणि त्या एका जबड्यावर नाना तऱ्हेचे संसार उभे राहिले.

डायिक्टोडॉन जेमतेम दीड फुटाचा. तो गोल जिन्यासारखी वळत खाली जाणारी बिळं खणायचा. बिळाच्या तळाशी अंग मुडपून पडलेले त्याचे सांगाडे कारूत मिळाले आहेत. सिस्टेसेफॅलसचे पुढचे पाय तर इतके रुंद आणि दणकट की त्याचं बरंचसं आयुष्य मातीखालीच जात असावं. रशियातला सुमिनिया खरा डायसिनोडॉन्ट नव्हे, पण जवळचा नातलग. लांब बोटांनी फांद्या धरून तो झाडावर चढायचा. वृक्षवासी म्हणून माहीत असलेल्या सर्वांत जुन्या पृष्ठवंशीय प्राण्यांत त्याची गणना होते.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो लिस्ट्रोसॉरस. 25.2 कोटी वर्षांपूर्वी पर्मियन युगाच्या शेवटी पृथ्वीच्या इतिहासातला सर्वांत भीषण विनाश झाला, त्यातून तो तरला. त्यानंतरच्या काळातल्या कारूच्या खडकांत सर्वाधिक हाडं त्याचीच सापडतात. दामोदर खोऱ्यात, चीनमध्ये, रशियात आणि 1969 साली थेट अंटार्क्टिकावरही त्याचे अवशेष मिळाले. हा प्राणी महासागर ओलांडणं शक्यच नव्हतं. त्यामुळे हे भूखंड कधीकाळी जोडलेले होते, या मताला मोठं बळ मिळालं. अंटार्क्टिकातल्या सुळ्यांचे काप तपासले, तेव्हा वाढ मंदावल्याच्या खुणा दिसल्या. ध्रुवीय हिवाळ्यात तो सुप्तावस्थेत जात असावा, असा निष्कर्ष 2020 मध्ये मांडला गेला.

पर्मियननंतरच्या ट्रायासिक युगाच्या अखेरीस, डायनासोर मोठे होऊ लागले होते तेव्हा, हे कूळ थकलेलं होतं असं मानलं जायचं. मग पोलंडमध्ये लिसोविशिया सापडला. हत्तीएवढा, कित्येक टन वजनाचा! त्याचे पुढचे पाय बाजूला फाकलेले नव्हते, खांबासारखे अंगाखाली सरळ होते. म्हणजे प्रचंड आकार ही तेव्हा केवळ डायनासोरांची मक्तेदारी नव्हती.

सुमारे 20.1 कोटी वर्षांपूर्वी ट्रायासिक संपलं, त्यानंतर त्यांचा खात्रीचा पुरावा मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधले काही तुकडे खूप नंतरच्या, क्रिटेशिअस काळातल्या डायसिनोडॉन्टचे असल्याचा दावा 2003 मध्ये झाला होता. फेरतपासणीत मात्र ते बऱ्याच अलीकडच्या एका मोठ्या सस्तन प्राण्याचे असावेत, असं दिसून आलं.