बारीक माणसाचं पोट

मंडळी, आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य आहे, 'मी कुठे जाडा आहे, मला काय व्हायचंय?' ओपीडीत रोज ऐकतो. हातपाय काटकुळे, वजन साठ-बासष्ट किलो, आणि शर्टाच्या आत पोट सुटलेलं, वर सांगणार की पँटची साइज कॉलेजपासून तीच आहे. असणारच, पट्टा पोटाच्या खाली बांधताय ना!

मेटाबॉलिक सिंड्रोम हा एक आजार नाही, पाच गोष्टींपैकी तीन बिघडल्या की त्याला हे नाव. बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड म्हंजे रक्तातली चरबी १५० किंवा वर, एचडीएल म्हंजे चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली, आणि पाचवी कंबर. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर किंवा वर, बायकांना ८० किंवा वर. एकेक आकडा सुटा बघितला तर कोणी घाबरत नाही, 'बॉर्डरवर आहे' म्हणून रिपोर्ट कपाटात जातो, तीच तर गोम आहे. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन या अमेरिकन डॉक्टरने यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ एकच असल्याचं मांडलं, रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन आहे पण शरीर त्याला दाद देत नाही. गंमत म्हंजे त्याच्या यादीत कंबर नव्हतीच, ती नंतर आली.

आता बारीक माणसाला हे का होतं? कातडीखालची चरबी म्हंजे घराचा माळा समजा, जास्तीचं सामान तिथे गेलं तर कोणाला त्रास नाही. आपला माळा मुळात लहान, तो भरला की सामान माजघरात, म्हंजे लिव्हरमध्ये आणि आतड्यांभोवती. लिव्हरमध्ये चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकत नाही, रात्रभर साखर सोडत राहतं, रक्तात ट्रायग्लिसराइड ओततं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तर दाखवलंय की आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असतात पण चरबी त्या मानाने कमी नसते, कमी पडतात ते स्नायू. म्हंजे सुरुवातच अशी.

त्यात आपलं जगणं बदललं. लावणीला चिखलात उतरणारे आता किती, घाटीवरनं पाणी कोण आणतं, नाक्यावर दूध आणायला पण स्कूटर. जेवण मात्र तेवढंच, वर चहाबरोबर खारी-बटर वाढलं.

(मागून एक काकी: डॉक्टरानू, मगे भात सोडूचो की काय?)

नाही हो काकी, भात सोडून कोकणी माणूस चार दिवस टिकेल, पाचव्या दिवशी दुप्पट खाईल! भाताचा डोंगर अर्धा करा, कुळथाची पिठी, भाजी, बांगडा-तारली वाढवा, पण तळून नको, कालवणात. सुकी मासळी, लोणचं, पापड यातलं मीठ बीपीवाल्यांनी सांभाळायचं. आंबा खा, फक्त आमरस, पुऱ्या आणि वर भात असं एका ताटात नको. दिवसाचे पाच चहा असतील तर आधी त्यातली साखर बघा. आणि पुरुष मंडळी, संध्याकाळच्या 'बैठकी'ने ट्रायग्लिसराइड चढतात, हसू नका.

हे करून फरक पडतो का? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात साखर बॉर्डरवर असलेल्या लोकांना नुसतं खाणं-चालणं सुधारायला लावलं तर तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीनेही जवळपास तेवढंच. म्हणून आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चाला, आणि नुसतं चालू नका, थोडं वजन उचला, कळशी चालेल, स्नायू वाढले की साखर खपते.

कंबर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत ओढून नाही. आणि बीपीची गोळी चालू असेल तर चालायला लागलो म्हणून स्वतःच बंद करू नका, कंबर दोन इंच उतरली की येऊन दाखवा, डोस कमी करता येतो का ते तेव्हा बघू.