घट्ट तेलाची गोष्ट

(परीक्षानळीत वितळलेलं तूप. त्यात आम्ल ओतून नळी जोरात हलवली जाते.)

तुपात भेसळ आहे का, हे तपासायची एक जुनी रीत आहे. वितळलेल्या तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थेंबभर फरफ्युरल नावाचं रसायन घालायचं, नळी हलवायची आणि जरा थांबायचं. खाली बसलेलं आम्ल लालसर झालं, की समजायचं यात वनस्पती तूप मिसळलंय. गंमत म्हणजे हा रंग वनस्पती तुपाचा नाहीच, तिळाच्या तेलाचा आहे. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती आपल्याकडे कित्येक दशकं होती, ती चवीसाठी नव्हे, भेसळ करणारा सापडावा म्हणून.

तुपातली लबाडी पकडायला एवढी अक्कल खर्च झाली. वनस्पती तूप शरीरात जाऊन काय करतं, हे मात्र कितीतरी वर्षं कुणी फारसं विचारलंच नाही.

(पिवळा पत्र्याचा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड.)

१९३७ मध्ये डालडा, म्हणजे तेल घट्ट करून केलेलं वनस्पती तूप, बाजारात आला. रवाळ, पांढरट, तुपाहून स्वस्त आणि महिनोन्‌महिने खवट न होणारा. लग्नाची पंगत, दिवाळीचा फराळ, हलवायाची कढई, सगळीकडे तो पोहोचला. डबा रिकामा झाला की त्यात डाळ भरायची, नाहीतर तुळस लावायची.

तेल घट्ट करायची ही युक्ती जर्मनीतली. १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मान यांनी तिचं पेटंट घेतलं. तापवलेल्या तेलात निकेलची पूड घालायची आणि हायड्रोजन वायू सोडायचा. तेलाच्या रेणूंमधल्या मोकळ्या जागा हायड्रोजन भरत जातो. सगळ्या भरल्या तर मेणासारखा कडक गोळा होईल, म्हणून ही क्रिया अर्ध्यावर थांबवतात. आणि घोटाळा होतो तो इथेच.

(पडद्यावर दोन रेणू: एक वाकडा, एक सरळ.)

डावीकडे ओलेइक आम्ल. शेंगदाण्याच्या, ऑलिव्हच्या तेलात हे भरपूर. मधोमध वाकलेलं, त्यामुळे एकाला एक चिकटून बसत नाही आणि १३-१४ अंशांवरच वितळतं. उजवीकडे त्याचंच भावंड, अर्ध्यावर थांबवलेल्या क्रियेत तयार झालेलं. कार्बन तेवढेच, हायड्रोजन तेवढेच, फक्त बाक गेला. हे वितळायला ४५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेत ते घट्टच. हेच ट्रान्स फॅट.

(बेकरी. मैद्याची मोठी पोळी लाटली जातेय.)

बेकरीवाल्याला हा घट्टपणा सोन्याहून प्यारा. खारी कशी होते ते बघा. मैद्याची पोळी लाटायची, तिच्यावर घट्ट चरबी थापायची, घडी घालायची, पुन्हा लाटायची, पुन्हा घडी. ही चरबी मऊ पडली तर मैद्यात जिरते आणि थर एकमेकांना चिकटतात. ती घट्ट राहिली तर थर सुटे राहतात, भट्टीत वाफ धरते आणि खारी फुगते. तेल वापरून हे जमत नाही. लोणी चालतं, पण ते महाग आणि उन्हाळ्यात लवकर पाघळतं. स्वस्त खारी खाल्ल्यावर टाळूला जो मेणचट थर राहतो, तो या चरबीचा.

आता शरीरातलं. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि कातान या संशोधकांनी ५९ धडधाकट माणसांना तीन-तीन आठवडे तीन वेगवेगळे आहार दिले. फरक फक्त चरबीच्या प्रकारात. संपृक्त चरबीने, म्हणजे जिच्या सगळ्या जागा हायड्रोजनने भरलेल्या असतात तिने, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढलं, हे अपेक्षितच होतं. ट्रान्स फॅटनेही ते वाढलं, पण जोडीला एचडीएल उतरलं. एचडीएल रक्तवाहिन्यांतलं कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतं. म्हणजे कचरा वाढला आणि झाडूवालाही कमी झाला. पुढे अनेक वर्षांच्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा दिसलं, की दिवसाच्या उष्मांकातले २ टक्के ट्रान्स फॅटमधून आले तर हृदयविकाराचा धोका २३ टक्क्यांच्या आसपास वाढतो. दोन हजार कॅलरी खाणाऱ्यासाठी हे २ टक्के म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम. साधारण एक छोटा चमचा.

अमेरिकेत फ्रेड कुमरो हे संशोधक १९५७ पासून सांगत होते, की ही चरबी माणसाच्या ऊतींमध्ये साठते. कुणी मनावर घेतलं नाही. २००९ मध्ये, चौऱ्याण्णव वर्षांचे असताना, त्यांनी सरकारकडे बंदीचा अर्ज केला. उत्तर येईना, तेव्हा २०१३ मध्ये कोर्टात गेले. २०१५ मध्ये सरकारने बंदीचा निर्णय घेतला. कुमरो १०२ वर्षांचे होऊन गेले, तेव्हा निर्णय पाहूनच गेले.

डेन्मार्कने मात्र २००३ मध्येच, पदार्थातल्या तेल-चरबीत ट्रान्स फॅट जास्तीत जास्त २ टक्के, अशी मर्यादा घातली होती. आपल्याकडे आधी १० टक्के चालत होते, मग ५, मग ३, आणि १ जानेवारी २०२२ पासून २.

(गोदामात रचलेले पंधरा किलोचे डबे.)

मग आता खारी कशाची? बहुतेक पामतेलाची. पामतेल मुळातच निम्मं संपृक्त, त्यामुळे घट्ट करायला हायड्रोजनची गरज कमी पडते. ट्रान्स फॅट गेलं हे चांगलंच झालं, पण एलडीएल वाढवणारी चरबी तिथेच आहे. तीच गोष्ट साजूक तुपाची. त्यातली साठ टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त असते, शिवाय गाई-म्हशींच्या पोटात तयार झालेलं थोडं नैसर्गिक ट्रान्स फॅटही. वरण-भातावर चमचाभर घ्या, कोण नको म्हणतंय. पण सध्या औषध म्हणून वाटीभर तूप प्यायची जी टूम निघालीय, तिला या आकड्यांचा आधार नाही.

बिस्किटाच्या पुड्यामागे संपृक्त चरबी आणि ट्रान्स फॅट असे दोन वेगळे आकडे छापलेले असतात. दुसरा शून्य दिसला तरी पहिला वाचायचा. बेकरीतली खारी मात्र सुटी मिळते, पाव किलो, अर्धा किलो. तिथे डबा कोणता वापरता, हे काउंटरवरच विचारावं लागतं.