आजचे ऐंशी टक्के

सकाळचे सहा. सांगलीतल्या एका व्यायामशाळेचं शटर निम्मं वर गेलंय. आत मारुतीची तसबीर, तळहातांवर चोळायची पांढरी भुकटी आणि रॅकजवळ जमिनीवर एक छोटी डबी. डबीतून निघालेली दोरी बारला अडकवलेली. बार वर गेला की दोरी ओढली जाते आणि मोबाईलवर वेग उमटतो.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत याच गावच्या संकेत सरगरनं ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण गेलं २४९ ला. किलोचं मोल इथल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. वेगाचं सांगावं लागतं.

रॅकपाशी उभा पोरगा स्क्वॉटला, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बसून उठताना, जास्तीत जास्त १४० किलो उठतो. आज फळ्यावर ऐंशी टक्के, म्हणजे ११२. पण काल रात्री तो वरातीत नाचत होता. पहिलाच रेप, म्हणजे पहिलीच बैठक : ०.४४ मीटर प्रतिसेकंद. एरवी ऐंशी टक्क्यांना त्याचा वेग ०.५२ असतो.

सर दोन्ही बाजूंची पाच-पाच किलोची प्लेट काढतात. पोराचं तोंड उतरतं.

"सर, वजन कमी केलं?"

"कमी कुठं? तुझे आजचे ऐंशी टक्के एवढेच हायत."

वजन जड, तसा बार सावकाश. हे हमालालाही ठाऊक आहे. पण हे नातं किती पक्कं आहे, ते २०१० साली स्पेनच्या संशोधकांनी बेंचप्रेसवर, म्हणजे बाकावर उताणं पडून बार वर ढकलताना, मोजून दाखवलं. एकदाच कसंबसं उचलता येणारं वजन साधारण ०.१६ च्या वेगानं वर जातं. सहा आठवड्यांत ताकद वाढली, तरी त्या-त्या टक्क्याचा वेग जवळपास तोच राहिला. स्क्वॉटमध्ये एकदाच उचलता येणाऱ्या वजनाचा वेग ०.३ च्या आसपास असतो, म्हणून कोणत्या टक्क्याला किती वेग, याचा तक्ता प्रत्येक प्रकाराला वेगळा.

अट एकच : वर येताना जीव तोडून यायचं. उगाच रेंगाळत उठून "आज थकलोय सर" म्हणणाऱ्यापुढं यंत्राचं काही चालत नाही. तिथं सरांचे डोळेच लागतात. आणि स्नॅचला, म्हणजे जमिनीवरून एका झटक्यात बार डोक्यावर नेताना, हा तक्ता असाच लावता येत नाही. तिथं वेग कमी पडला, तर बार पुरेसा वर येतच नाही.

आता बारवर १०२. पहिला रेप ०.५२. मोबाईल टुणकन वाजतो. तिसरा ०.४८. पाचवा ०.४३. सहावा ०.४१.

"बास. ठेव."

"सर, अजून दोन निघतील!"

निघतीलही. पण वेग वीस टक्क्यांनी घसरला की इथं सेट संपतो. आठ आठवड्यांच्या एका प्रयोगात वीस टक्क्यांवर थांबलेल्यांचे रेप चाळीस टक्क्यांपर्यंत रेटणाऱ्यांपेक्षा बरेच कमी भरले. स्क्वॉटची ताकद दोघांची सारखीच वाढली, उभ्या जागी वर उडी मारण्यात मात्र थांबणारे पुढे गेले. अंगावर मांस चढवायचं असेल, तर रेटण्याचाही उपयोग आहे. पण वजनी गटात खेळणाऱ्याला ते मांस काट्यावर महागात पडतं.

पोरगा बार रॅकला लावतो. हात पँटला पुसून वही उघडतो. आधी ११२ लिहितो. मग खोडून १०२.