क्लोन झालं? थांबा, पॉवर बटण दाबण्याआधी जुनी डिस्क बाहेर काढा

नमस्कार मंडळी.

गेले दोन महिने कमेंटमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "दादा, डिस्क भरली म्हणून मोठी एसएसडी घेतली, आता विंडोज पहिल्यापासून टाकावं लागेल का?" नाही लागणार. तुमचं विंडोज, टॅली, मराठी फॉन्ट, प्रिंटरची सेटिंग, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं आहे तसं उचलून नव्या डिस्कवर नेता येतं. यालाच क्लोनिंग म्हणतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून हा प्रश्न आणखी वाढलाय. विंडोज ११वर जायचं म्हटलं तर बऱ्याच जणांच्या १२८ जीबीच्या सी ड्राइव्हवर ते उतरवायलाच जागा नाही.

सुरुवातीच्या गोष्टी पटापट उरकतो, त्यांवर व्हिडिओ भरपूर आहेत.

नवी डिस्क घेताना आकार बघा. अडीच इंची साटा, एम डॉट टू साटा आणि एम डॉट टू एनव्हीएमई अशा तीन जाती आहेत. शेवटच्या दोन दिसायला सारख्या असतात, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. लॅपटॉपला एकच स्लॉट असेल तर यूएसबी एन्क्लोजर, म्हणजे डिस्क बाहेरून यूएसबीने जोडायची डबी, लागेल, तीही डिस्कच्या जातीप्रमाणेच घ्या. महत्त्वाच्या फाइल्स आधी तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, मग बिटलॉकर बंद करून डिक्रिप्शन, म्हणजे कुलूप उघडण्याचं काम, पूर्ण होऊ द्या. सॉफ्टवेअर कुठलं? नव्या डिस्कच्या कंपनीचं स्वतःचं असेल तर ते वापरा. नसेल तर क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिला, दोन्ही फुकट आहेत. सोर्स म्हणजे जुनी, टार्गेट म्हणजे नवी. क्लिक करण्याआधी मॉडेल नंबर मोठ्याने वाचा. उलट झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाते आणि ते परत फिरवता येत नाही. झालं, क्लोन सुरू.

आता ज्यासाठी आज बसलोय ते.

स्क्रीनवर "क्लोन पूर्ण" आलं की कॉम्प्युटर बंद करा आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी जुनी डिस्क बाहेर काढा. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये, डिस्कचा क्रम बदलून भागवू नका. तिची केबल काढा, स्क्रू काढा, टेबलावर ठेवा. नव्या डिस्कला एकटीला उभं राहू द्या.

असं का, ते माझ्या घरातल्या एका घटनेवरून सांगतो.

माझ्या मावसभावाचं मेडिकल आहे. काउंटरवरच्या डेस्कटॉपमध्ये २४० जीबीची एसएसडी होती, ती काठोकाठ भरली. मी १ टीबीची आणली. रविवारी रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो आणि क्लोन केलं. साडेअकरा वाजले होते, त्याला घरी जायचं होतं, मलाही. दोन्ही डिस्क आतच ठेवल्या, कॉम्प्युटर चालू केला. विंडोज आलं, बिलिंग सॉफ्टवेअर उघडलं, सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, "चार दिवस बघ. काही अडलं नाही तर जुनी काढून पोरीच्या लॅपटॉपला लाव." त्याने अगदी तेच केलं. गुरुवारी दुकान बंद झाल्यावर जुनी एसएसडी काढली, लेकीच्या लॅपटॉपात बसवली आणि तिच्यावर कोरं विंडोज टाकलं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला त्याचा फोन. कॉम्प्युटर चालू होता, सॉफ्टवेअरही उघडत होतं. पहिलं गिऱ्हाईक आलं, नवं बिल काढायला गेला, तर नंबर आला ४२१८. आणि काउंटरवरच्या तारेला आदल्या रात्रीच्या बिलाची छापील प्रत टोचलेली होती, तिच्यावर नंबर होता ४६८९.

सोमवार ते गुरुवार, चार दिवसांची ४७२ बिलं कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच. रविवारी रात्री मी ज्याला "नवी डिस्क चालू झाली" म्हटलं, ती जुनीच होती. चारही दिवस कॉम्प्युटर जुन्या डिस्कवरून चालत होता, बिलं तिच्यावर जात होती, आणि नवी बाजूला गप्प बसून होती, रविवारच्या फोटोसारखी. मग त्या जुन्या डिस्कवर आम्ही कोरं विंडोज टाकलं. तारेवरच्या प्रती होत्या, शेड्यूल एच-वनच्या औषधांचं हाताने लिहिलेलं रजिस्टर होतं, म्हणून मी आणि तो दोन रात्री बसून सगळं परत भरू शकलो. पण प्रती टोचायची सवय नसती तर? स्टॉक, उधारी, जीएसटी, सगळंच चुकलं असतं. चूक पूर्ण माझी होती. म्हणून मी या एका पायरीसाठी इतका आग्रह धरतो.

आता हेच आतून बघू.

क्लोन म्हणजे जुळं भावंड. दोन्ही डिस्कवर तेच विंडोज, तेच फोल्डर, तोच वॉलपेपर. विंडोज डिस्क ओळखतं ती तिच्यावर लिहिलेल्या एका ओळख क्रमांकावरून. क्लोन करताना काही सॉफ्टवेअर तोही क्रमांक उतरवतात. मग एकाच नंबरच्या दोन डिस्क एकाच वेळी दिसल्या की विंडोज त्यांतली एक ऑफलाइन करून ठेवतं. भावाच्या दुकानात हेच झालं होतं, म्हणून नवी डिस्क "धिस पीसी"मध्ये दिसतच नव्हती आणि कुणाला शंकाही आली नाही. बरं, काही जण हुशारीने डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला "ऑनलाइन" करतात. तसं केलं की विंडोज तिला नवा क्रमांक देतं, आणि तिच्यावरच्या बूटच्या, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या, नोंदी मात्र जुनाच क्रमांक शोधत राहतात. पुढच्या वेळी एकटी लावली की निळी स्क्रीन. म्हणजे चांगलं झालेलं क्लोन आपणच बिघडवलं.

दुसरा प्रकार याहून फसवा. आजच्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज सी ड्राइव्हवर असतं, पण त्याला जागं करणारी फाइल वेगळ्या छोट्या ईएफआय पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात, असते. साधारण १०० एमबीची असते ती, एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. दोन्ही डिस्क लावलेल्या असल्या की कधी कधी जागं करणारी फाइल जुन्या डिस्कवरची आणि विंडोज नव्या डिस्कवरचं, अशी जोडी जमते. सगळं मस्त चालतं, महिनाभरही चालतं. मग तुम्ही जुनी डिस्क काढता किंवा फॉरमॅट करता, आणि काळ्या पडद्यावर "बूट डिव्हाइस नाही". डेटा सगळा नव्या डिस्कवर शाबूत असतो, पण त्याला उठवणारं कुणी नसतं. हे दुरुस्त होतं. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून बूट करून बीसीडीबूट ही कमांड चालवली की नव्या डिस्कच्या ईएफआयमध्ये त्या फाइल्स पुन्हा लिहिल्या जातात. पण सोमवारी सकाळी, ऑफिसच्या घाईत, हे करायला कुणाला हवंय? पहिल्याच दिवशी जुनी काढून बघितली असती, तर हे पाच मिनिटांत कळलं असतं, आणि तेही जुनी डिस्क हाताशी असताना.

तिसरी बाजू तुमच्याच एका कमेंटमधून. एका ताईंनी लिहिलंय, "क्लोन बरोबर झालं, पण सी ड्राइव्ह अजून लालच दाखवतोय, जागा वाढलीच नाही." मी विचारलं, दोन्ही डिस्क आत आहेत का? हो, लॅपटॉपला दोन स्लॉट आहेत. ताई, मग तुम्ही जुन्याच डिस्कवरून काम करताय, असा माझा पहिला अंदाज आहे. आजपासून नव्या फाइल्स तिथे साठवू नका. स्टार्टवर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि सी ड्राइव्हच्या चौकोनात कंसात "बूट" कुठल्या डिस्कवर लिहिलंय ते वाचा. २३८ जीबीच्या (म्हणजे २५६च्या) डिस्कवर असेल तर जुनी, ९३१वर असेल तर नवी. (१ टीबीची डिस्क ९३१ का दाखवते, यावर दर आठवड्याला कुणीतरी दुकानदाराशी भांडतं. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने मोजतं. दुकानदाराने फसवलेलं नाही.)

पण ताईंसारखी तक्रार दुसऱ्या कारणानेही येते. नव्या डिस्कवरूनच चालू आहे, तरी सी २३८चाच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघाल तर आधी सी, त्याच्या उजवीकडे काही शे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन, आणि त्याच्याही पलीकडे जवळपास ६९० जीबीची रिकामी जागा, वर काळी पट्टी असलेली. सीवर राइट क्लिक केलं तर "एक्स्टेंड व्हॉल्यूम" फिकट, दाबता येत नाही. कारण विंडोज सीला फक्त लगतच्या उजव्या जागेत वाढवतं, आणि मध्ये रिकव्हरी आडवी आलीय. ते पार्टिशन रागाने उडवू नका. विंडोज अडलं तर दुरुस्तीची साधनं तिथूनच येतात. जीपार्टेड हे पार्टिशन सरकवणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून चालवा, रिकव्हरीला डिस्कच्या शेवटाला सरकवा, मग मोकळी जागा सीला लागून येते आणि "एक्स्टेंड व्हॉल्यूम" दाबता येतं. त्याहून सोपं म्हणजे क्लोन करतानाच, सॉफ्टवेअरमध्ये पार्टिशन ओढून मोठं करायची सोय असेल तर तिथेच सीला ताणून घ्या.

आणखी एक कमेंट घेतो. "क्लोन तपासायला नवी एसएसडी यूएसबी एन्क्लोजरमध्येच ठेवून बूट केली, निळी स्क्रीन आली, म्हणजे क्लोन फुकट गेलं." नाही हो! नेहमीचं विंडोज यूएसबीवरून सुरू होण्यासाठी बनवलेलंच नाही. डिस्क तिच्या खऱ्या जागी, लॅपटॉपच्या आत बसवून बघा. साटावरून एनव्हीएमईवर गेला असाल आणि आत बसवूनही निळी स्क्रीन आली, तर एकदा सेफ मोडमध्ये चालू करा. बऱ्याचदा त्या एका फेरीत विंडोज नव्या डिस्कचा ड्रायव्हर धरतं आणि पुढे नीट चालतं.

तर आता पहिल्या चालूला काय बघायचं? जुनी टेबलावर आहे, नवी एकटी आत आहे. विंडोज आलं. एकदा रीस्टार्ट करा. एकदा पूर्ण बंद करून चालू करा, बंद करताना शिफ्ट दाबून ठेवा, म्हणजे फास्ट स्टार्टअप (विंडोजची अर्धवटच बंद व्हायची सोय) आडवं न येता खरंच बंद होतं. सी ड्राइव्हचा आकार वाचा. विंडोजचं अॅक्टिव्हेशन टिकलंय का बघा. डिजिटल लायसन्सची गाठ मुख्यतः मदरबोर्डशी असते, त्यामुळे फक्त डिस्क बदलली तर ते सहसा टिकतं. रोज लागणारं सॉफ्टवेअर उघडून शेवटची नोंद बघा आणि आजची एक नवी नोंद करून ठेवा.

मग जुनी डिस्क. तिला लगेच यूएसबीने जोडून फॉरमॅट मारायची घाई करू नका. मी आता काय करतो, दाखवतो.

(डिस्क कॅमेऱ्याजवळ धरून)

ही बघा, याच महिन्यात एका मित्राच्या लॅपटॉपातून काढलेली. अँटिस्टॅटिक पाकिटात घातली, वर पांढरी चिकटपट्टी लावली, आणि पट्टीवर पेनाने दोन तारखा लिहिल्या. एक क्लोन केल्याची, आणि दुसरी त्यानंतर महिन्याची. दुसरी तारीख उलटेपर्यंत हे पाकीट कपाटातून बाहेर येत नाही. भावाच्या दुकानातही आता औषधांच्या कपाटाच्या वरच्या खणात असंच एक पाकीट आहे. परवा तिथे गेलो होतो, काउंटरवरच्या तारेला बिलाच्या प्रती अजूनही टोचलेल्या आहेत.